इसमाची शेवटची ओळ

ती बातमी मी वाचली होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं लिहिताना कुठंतरी पाय मागं घेईन, माझा मलाच भरवसा नाही. चौथ्या पानावर अगदी खाली चार ओळी होत्या. मुकुंदवाडीच्या रेल्वे स्टेशनवर बाकावर एक वृद्ध इसम मृतावस्थेत आढळून आला... एवढं वाचलं आणि माझी नजर शेजारच्या चौकटीवर गेली. कुठल्या भागाला नळाचं पाणी कधी येणार ते तिथं दिलं होतं. आमचं पाणी आणखी एक दिवस पुढं ढकललेलं, म्हणून ती चौकट मी दोनदा वाचली, चरफडले, चहा संपवला आणि पेपर घडी घालून रद्दीवर टाकला. 'इसम' शब्द दिसला की शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, हे ज्या माणसानं मला कानीकपाळी ओरडून शिकवलं, तोच त्या बाकावर होता. माझ्या वाचायच्या दोन ओळी राहिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी नांदेडहून विजूचा फोन आला. विजू म्हणजे विजया, रंगनाथरावांची एकुलती एक मुलगी. रंगनाथरावांना आम्ही सगळे नाना म्हणायचो. ती म्हणाली, "मावशी, बाबा परवापासून फोन उचलत नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात दाराला कुलूप आहे, दुधाची पिशवी तशीच कडीला लटकलीय. तुमच्याकडं आलेत का?" मी म्हणाले, नाही गं, बघते. आणि फोन ठेवता ठेवता... त्या चार ओळी आठवल्या. रद्दीतून तो पेपर ओढून काढला. 'अंदाजे वय ऐंशी. अंगात पांढरा सदरा व पायजमा. सदऱ्याच्या खिशात लाल-निळी पेन्सिल मिळून आली.' एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी, अशी पेन्सिल खिशात घेऊन फिरणारा म्हातारा या शहरात दुसरा कोण असणार? मी रिक्षा केली आणि सरकारी दवाखान्यात गेले. नानांना मीच ओळखलं. दोन दिवस ते तिथं बिननावाचे पडून होते.

संध्याकाळी विजू आली. रडण्याचा पहिला कढ ओसरल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला कसं कळलं, मावशी?" मी म्हणाले, "चौकीतून कळलं." ज्या माणसाच्या हाताखाली खरं लिहायला शिकले, त्याच्याच उशाशी उभी राहून मी हे खोटं बोलले. त्याला आता महिना उलटून गेला.

नानांची आणि माझी ओळख गुलमंडीच्या मागच्या गल्लीतली. तिथं एका जिन्याखाली आमचं सायंदैनिक निघायचं. दुपारी दोनला मशीन सुरू व्हायचं आणि चार वाजता अंक बाजारात. मी वीस वर्षांची, बीएची परीक्षा दिलेली, तोंडानं फटकळ. प्रूफं तपासायला लागले. नाना नावाला वृत्तसंपादक, बाकी मग बातमी लिहिण्यापासून अंकाचे गठ्ठे बांधण्यापर्यंत सगळं तेच. दौलताबादकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली, मराठी लिहायला नंतर आपलं आपणच शिकले, त्यामुळं मराठी शब्द ते शेजारच्या घरून आणलेल्या भांड्यासारखा जपून वापरायचे. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर प्रूफ आलं, 'एका इसमास अटक'. काना-मात्रा तपासून मी ते पुढं सरकवलं. नाना म्हणाले, "हा इसम कोण गं, सुधा?" मी म्हणाले, "मला काय माहीत?" ते म्हणाले, "मला बी नाय. मंग वाचणाऱ्याला कसं कळंल?" मी मनात म्हणाले, हे काही माझं काम नव्हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला जुन्या फायली काढून बसवलं. अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतरच्या पहिल्या काही वर्षांचे अंक, तेव्हा हा पेपर साप्ताहिक होता. पिवळी पानं, हात लावला की कडेचा चुरा होई. म्हणाले, "यातले इसम शोध." मला वाटलं, माणसाचं डोकं फिरलंय. पण आठवडाभरात तो शब्द मला डोळे मिटले तरी दिसायला लागला. बाजारात खिसा कापणारा इसम होता आणि ज्याचा खिसा कापला गेला तोही इसमच. दारू पिऊन चौकात आरडाओरडा करणारा इसम. दगड मारणारे 'काही इसम', आता ते काही म्हणजे पाच की पाचशे हे ज्याचं त्यानं ठरवावं. पकडला गेला की तो 'सदर इसम' व्हायचा, जशी काही त्याला बढती मिळाली. बड्या घरचा मुलगा मोटार घेऊन कुणाच्या अंगावर गेला की त्या दिवशी तोही इसम, आणि आठवड्यानं तोच कुठं बक्षिसं वाटायला गेला की त्याचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं ठळक टाइपात. बायका मात्र कधी इसम नसत. त्या विवाहिता असत, विधवा असत, नाहीतर अमक्याची आई. "बाई मेली तरी कुणाची तरी असावी लागती," नाना म्हणायचे. यावर मी त्यांच्याशी तासभर भांडले होते, ते आठवतंय.

सगळ्यात जास्त इसम मेलेले होते. विहिरीत, रस्त्याच्या कडेला, नाल्यात, रुळांजवळ. ॲक्शनच्या अगदी लगतच्या अंकांत तर ते इतके होते की मी मोजायचं सोडून दिलं. एकदा विचारलं, "नाना, यातला कोण कुठल्या बाजूचा, हे कुठंच कसं नाही?" ते पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, "म्हणून तर तो शब्द वापरायचो. इसम लिहिलं की जात गेली, धर्म गेला, उद्याचं भांडण गेलं. आम्हाला वाटायचं आपण लई शहाणपण करतोय." मग बराच वेळ नुसतं टोकच करत राहिले... आणि म्हणाले, "केलं बी असंल थोडं शहाणपण. पण ज्याचं माणूस हरवलं त्यानं काय वाचायचं?"

त्यांची कामाची एक पद्धत होती. इसम छापायचा नाही असं त्यांनी कधी म्हटलं नाही, नाव मिळालंच नाही तर काय करणार. पण आधी शोधायचं. आणि नाही मिळालं तर माणूस ओळखू येईल अशी एक ओळ शेवटी द्यायचीच. कपडा, वण, गोंदण, हातातली पिशवी, काहीही. शहागंजकडं एका इसमानं विहिरीत उडी टाकून लहान मुलीला वाचवलं, अशी बातमी एकदा आली. नानांनी मला भर उन्हात पिटाळलं, "जा, नाव घेऊन ये." दोन तास वणवण केल्यावर सापडला. टांगेवाला होता, घोड्याला चारा घालत होता. नाव विचारलं तर म्हणाला, "नाम का क्या करते बाई, बच्ची बच गई ना, बस." मी हट्ट धरला. तेव्हा हळूच म्हणाला, "नाम छापे तो घरवाली कू मालूम पड़ता, मैं कुएँ में कूद्या करके. फिर मेरी खैर नहीं." मी हात हलवत परत आले. नाना पोट धरून हसले आणि त्यांनी स्वतःच्या हातानं दुरुस्ती केली, 'नाव सांगण्यास नकार देणाऱ्या एका टांगेवाल्याने'. म्हणाले, "चला, टांगेवाला तरी झाला." त्यांना असं मोकळं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

कारण दर रविवारी कौसाबाई यायची. दौलताबादच्या अलीकडच्या एका खेड्यातली म्हातारी, बाजाराला सीताफळं नाहीतर पेरू घेऊन येई, आणि टोपली रिकामी झाली की आमच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन बसे. "रंगनाथा, आज कोन हाय का?" एवढंच विचारायची. नाना हातातलं काम टाकून उठत. समोर मंत्री बसलेला असो की मालक, उठत. आठवडाभरात चौकीतून आलेल्या चिठ्ठ्या तारेला टोचून ठेवलेल्या असत, त्या काढून तिच्याशेजारी बसत आणि एकेक वाचत. जालना रस्ता, वय अंदाजे चाळीस, उंची मध्यम, गालावर देवीचे वण. कौसाबाई डोळे मिटून ऐके, शेवटची ओळ संपली की म्हणे, "नाय. ह्यो माझा नाय." मग पुढची. सगळ्या झाल्या की मोठा श्वास सोडायची, दोन फळं नानांच्या टेबलावर ठेवायची आणि जायची. तिचा लक्ष्मण रझाकारांच्या धामधुमीत घर सोडून निजामाच्या राज्याच्या सरहद्दीकडं गेला होता, तो पोलीस ॲक्शननंतर परत आलाच नाही. तेव्हा तो पंचविशीचा. मी पेपरात लागले तोवर त्याला पन्नाशी आली असती, पण कौसाबाईला वयाचं सोयरसुतक नव्हतं. विशीतला असो की साठीतला, ती ऐकायची, आणि नानाही एक चिठ्ठी गाळत नसत. रविवारी शाळेला सुट्टी, म्हणून विजू डबा घेऊन यायची, आठ-नऊ वर्षांची असेल. ती कौसाबाईला चिकटून सीताफळ खात सगळं ऐकायची. घरी जाऊन बाहुल्या ओळीनं निजवायची, त्यांच्यावर रुमाल टाकायची आणि एकेक रुमाल उचलून म्हणायची, ह्यो माझा नाय. त्याबद्दल आईचा मारही खाल्ला होता तिनं.

मला तो सगळा प्रकार वेडगळ वाटायचा, आणि मी तसं बोलूनही दाखवायची. मग एक दिवस माझ्या हातून ती चूक झाली. ऐन वेळी लग्नाची जाहिरात आली, कॉलम एक ओळ जास्त झाला, आणि मी एका इसमाच्या बातमीची शेवटची ओळ काढून टाकली. 'उजव्या पायात चांदीचे कडे' अशी ओळ होती. मला वाटलं, एवढ्यानं काय बिघडतंय. मशीन सुरू झाल्यावर नानांनी पहिला अंक उचलला, पाहिला, आणि मशीन बंद करायला लावलं. ओरडले नाहीत. छापलेले अंक बाजूला काढले, ओळ परत बसवली, तासभर उशिरा अंक निघाला. मी रागानं रडत होते. म्हणाले, "एका ओळीसाठी, नाना?" ते माझ्यासमोर स्टुलावर बसले. बाकीची मंडळी गठ्ठे घेऊन गेली होती.

"मी तुझ्याहून लहान होतो," ते म्हणाले. पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी ते त्या साप्ताहिकात लागले. चौकीतून उर्दूत चिठ्ठ्या येत, त्यांचं मराठी करून द्यायचं हे त्यांचं काम. एके दिवशी चिठ्ठी आली, दौलताबाद रस्त्याला पुलाखाली एकजण मेलेला आढळला, वय पंचवीसच्या आसपास. शेवटी लिहिलं होतं, डाव्या हातावर कोपराखाली विंचू गोंदलेला. कॉलम भरला होता. खाली सरबताची जाहिरात होती, ती हलवता येत नव्हती. त्यांनी विंचवाची ओळ काढून टाकली. "मी जाऊन बघितलं बी नाय, सुधा. चिठ्ठीवरनं लिहिलं, चिठ्ठीवरनं कापलं." बेवारस म्हणून त्या माणसाची व्यवस्था झाली. तीन महिन्यांनी एक बाई दाराशी आली. त्या अंकाचा कागद कसलीतरी पुडी बांधून तिच्या गावात पोचला होता, कुणीतरी तो तिला वाचून दाखवला होता. तिनं विचारलं, "इसम म्हंजे काय रं लेकरा?" ते म्हणाले, "कुणीतरी माणूस, माय." ती हसली. म्हणाली, "मंग ह्यो माझा नसंल. माझ्या लक्ष्मणाला समदे वळखत्यात. अन् त्याच्या हातावर ह्यो एवढा इंचू गोंदलाय, आंधळा बी वळखंल."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं... मीच मग म्हणाले, "ओळ असती तरी पेपर तिला तीन महिन्यांनीच मिळाला असता ना? तुम्ही कशाला स्वतःला खाताय?" ते म्हणाले, "व्हय. मातीला ती पोचली नसतीच. पण तिला कळलं असतं." मी म्हणाले, मग सांगा की आता. त्यावर ते जे म्हणाले ते मला अजून तसंच्या तसं ऐकू येतं. "काय सांगू? दर रविवारी ती येती, सगळे मेलेले ऐकती, आणि पोरगा जिता घेऊन घरी जाती. मी सांगितलं तर तो मरंल. या खेपेला मी मारलेला असंल." मग खाली बघून म्हणाले, "आणि खरं सांगू का, मला भ्या वाटतं. ती माझ्याकडं कशी बघंल त्याचं." पंचेचाळीस वर्षांचा, शहरात दबदबा असलेला माणूस हे बोलत होता.

पुढं दोनएक वर्षांनी कौसाबाई लागोपाठ तीन रविवार आली नाही. चौथ्या रविवारी नाना मला म्हणाले, "चल." एसटीनं गेलो, उतरल्यावर किल्ल्याच्या पायथ्याकडून बरंच चालावं लागलं. कौसाबाई अंगणात बाजेवर पडलेली होती, पुतण्याची सून तिचं करत होती. अंगात काही उरलं नव्हतं, पण आवाज तोच. "रंगनाथा, आज कोन हाय का?" नाना बाजेच्या कडेला बसले आणि त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. जुनी, घड्यांवर फाटलेली, उर्दूतली. इतकी वर्षं त्यांनी ती जपून ठेवली होती हे मलाही माहीत नव्हतं. त्यांनी ती मराठीत वाचायला सुरुवात केली. दौलताबाद रस्ता. पुलाखाली. वय पंचवीस. मग शेवटची ओळ, जी त्यांनी कधीच कुणाला वाचून दाखवली नव्हती. "डाव्या हातावर, कोपराखाली... विंचू गोंदलेला."

कौसाबाईनं डोळे उघडले. नानांकडं बघितलं, किती वेळ ते सांगता येणार नाही. मला वाटलं आता ती किंचाळेल, आता त्यांच्या तोंडात मारेल. ती म्हणाली, "नाय. ह्यो माझा नाय. माझ्या लक्ष्मणाचा इंचू उजव्या हाताला व्हता."

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "लई दिस झाले का रं ह्याला?"

"व्हय, माय. लई दिस झाले."

"ह्याच्या मायला सांगितलं का?"

नाना म्हणाले, "सांगितलं."

"बरं केलंस," ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले. आम्ही निघताना तिनं सुनेला सांगून दोन सीताफळं माझ्या पिशवीत घालायला लावली. त्याच महिन्यात ती गेली.

परतताना एसटीत नानांनी मला विचारलं, "सुधा, ती खरं बोलली का?" पहिल्या दिवशी ती नुसतं 'हातावर' म्हणाली होती. कोणत्या हातावर, हे विचारायची छाती नानांना सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत झाली नव्हती. पुढं हा प्रश्न त्यांना सोडून गेलाच नाही. कधी म्हणत, वय झालं होतं, ती विसरली असंल. कधी म्हणत, तिला सगळं कळलं, तिनं मला सोडवलं. आणि ज्या दिवशी फार खचलेले असत त्या दिवशी म्हणत, "समज, ती खरंच बोलली. मंग तो कुणाचा, सुधा? त्याची माय कुठल्या पायरीवर बसली असंल?" हे म्हणताना ते दाराकडं बघायचे. रविवारी दुपारी ऑफिसात एकटी असले की खालच्या पायरीवर कुणीतरी बसलंय असं मलाही वाटायचं. एकदा तर मी उठून बघूनही आले.

पेपर पुढं बंद पडला. नानांची पत्नी गेली, विजू लग्न होऊन नांदेडला गेली. नाना मुकुंदवाडीला दोन खोल्यांत राहायला लागले. विजूनं किती वेळा म्हटलं, माझ्याकडं या. येत नव्हते. मोबाइल घेऊन दिला तर तो घरी ठेवून फिरायला जायचे. रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे. तिथं गाड्या थांबतात थोड्या, जातात जास्त. सकाळचा पेपर त्यांनी तोवर संपवलेला असायचा, हातात पेन्सिल घेऊन. इसमाच्या बातमीत ओळखीची खूण दिली असेल तर शेवटच्या ओळीखाली निळी रेघ, नसेल तर लाल. आणि मग मला फोन. "सुधा, चौथं पान बघ. कपड्याचा रंगसुद्धा दिला नाय बघ या पोरानं." सुरुवातीला मी ऐकून घ्यायची. शेवटी शेवटी मला कंटाळा यायचा, का खोटं बोलू? म्हणायची, "नाना, सोडा की आता. कोण वाचतंय ते?" शेवटचा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते. मी म्हणाले, उद्या करते. तो उद्या मी केला नाही.

त्यांच्यावरची बातमी मात्र पूर्ण होती. कुणा नव्या मुलानं नाहीतर मुलीनं लिहिली असणार. वय होतं, कपडे होते, खिशातली पेन्सिलसुद्धा होती. नानांनी तिला निळी रेघ मारली असती. लिहिणाऱ्यानं त्याचं काम केलं, फक्त वाचणारीनं केलं नाही.

महिन्याच्या दिवशी विजू आली. खोल्या आवरल्या, भांडी शेजारी देऊन टाकली. निघायच्या आधी माझ्या घरी आली आणि तिनं ती पेन्सिल माझ्या हातात ठेवली. पोलिसांनी तिला परत दिली होती. दोन्हीकडून झिजून बोटभर उरलेली. म्हणाली, "ही तुमच्याकडंच शोभते, मावशी. तुम्ही होतात म्हणून बाबा सापडले." मी चहा ठेवायला उठले होते, ते पुन्हा खाली बसले. आता मला भीती वाटत होती, ती माझ्याकडं कशी बघेल त्याची. स्टुलावर बसलेले नाना आठवले... आणि मी सांगितलं. की मी ती बातमी दुसऱ्याच दिवशी सकाळी वाचली होती. अर्धी. की शेजारी पाण्याची चौकट होती. की चौकीतून मला काही कळलेलं नव्हतं.

विजू म्हणाली, "दोन दिवस, मावशी. ते दोन दिवस तिथं पडून होते."

"हो."

"तुम्ही रोज पेपर वाचता. बाबांनी तुम्हाला शिकवलं होतं."

"हो गं, बाई."

ती उठली, पर्स घेतली आणि गेली. चहा ठेवायचा राहूनच गेला. पेन्सिल टेबलावर होती.

त्यानंतर रोज सकाळी मी पेपर चौथ्या पानापासून उघडते. पाण्याची चौकट नंतर. इसम सापडला की मोठ्यानं वाचते, शेवटच्या ओळीपर्यंत, एकटीच. शेजारणीला वाटतं मी फोनवर बोलतेय. वाचून झालं की नकळत थांबते, समोरून कुणीतरी 'ह्यो माझा नाय' म्हणेल म्हणून. कुणी म्हणत नाही. आणि मग त्या माणसाचं ओझं दिवसभर माझ्याकडंच राहतं. नानांनी इतकी वर्षं हे कसं पेललं असेल, ते आता कळतंय.

असे आठ दिवस गेले. परवा सकाळी फोन वाजला. विजूचं नाव दिसलं. उचलला. ती म्हणाली, "मावशी, पेपर आला का?"

"आलाय."

"आज कोण आहे का?"

मी चष्मा लावला. तिसऱ्या पानावर एक होता. वाचायला लागले. जालना रस्ता, पुलाजवळ. वय अंदाजे पंचेचाळीस. अंगात चौकटीचा शर्ट, पायात काही नाही. उजव्या भुवईवर जुन्या जखमेचा वण. ओळ संपली. मी पेन्सिल हातात धरून थांबले.

"नाही," विजू म्हणाली. "हे बाबा नाहीत."

"नाहीत गं," मी म्हणाले, आणि शेवटच्या ओळीखाली निळी रेघ ओढली.